मागखातं

बंद पडलेल्या कापडगिरणीच्या ओसाड आवारात बिल्डरने काचेची केबिन थाटली होती. आत तिचा लेक, कामगारांचा पुढारी, बिल्डरशी बोलणी करत होता. या जागेवर आपल्याला घरं मिळणार की नाही, ते आज ठरणार म्हणून मागखात्यातले जुने कामगार बाहेर जीव मुठीत धरून उभे होते. सगळ्यांच्या पुढे ती. आतला शब्दही बाहेर येत नव्हता. पण मागांच्या खडखडाटात उभी हयात घालवलेल्या बाईला कान लागतातच कुठे? ओठ दिसले की पुरे.

लेकाचे ओठ हलले. "माझे दोन फ्लॅट तेवढे आधी नावावर करा. यांना मी झुलवत ठेवतो. म्हातारी माणसं आहेत, वाट बघता बघता निम्मी संपतील."



दार उघडून तो हसत बाहेर आला. "आई, फत्ते! सगळ्यांना इथेच घरं. थोडी कळ काढायची, बस्स!"

पोटचा गोळा. त्याचं पाप पोटातच घालायला हवं. झाकली मूठ झाकलेलीच बरी. उसनं हसू आणून ती मागे वळली आणि म्हणाली, "ऐकलंत ना? वाजवा की टाळ्या!"

टाळी एकही वाजली नाही. सारं मागखातं अजून तिच्या लेकाच्या ओठांकडेच टक लावून बघत होतं.