दुसरं वाक्य

“युवर डॉटर इज व्हेरी स्टबर्न,” तेजलच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि मी सवयीनं खुर्चीतून उठून उभी राहिले.

आमच्या महिला मंडळाच्या इंग्रजीच्या वर्गात मोघेबाईंची शिस्तच तशी आहे. नवा शब्द आला की उठायचं, अर्थ सांगायचा आणि त्याची दोन वाक्यं करायची, एक दुसऱ्याबद्दल, एक स्वतःबद्दल. वाक्यं खरी हवीत. पुस्तकातलं म्हटलं की बाई खाली बसवतात.

“स्टबर्न म्हणजे हट्टी,” मी म्हणाले. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. तेजल बोलताना अडखळते म्हणून त्यांनी तिचं नाव वक्तृत्व स्पर्धेतून काढलं होतं, आणि ती रोज मधल्या सुट्टीत येऊन भांडत होती.

“तेजल इज स्टबर्न. शी प्रॅक्टिसेस हर स्पीच एव्हरी मॉर्निंग.”

“अहो, बसा ना,” त्या एकदम मराठीवर आल्या. “मुलं हसतील तिला. आम्ही तिच्या भल्यासाठीच...”

“एक वाक्य राहिलंय, मॅडम. आय ॲम ऑल्सो स्टबर्न.”

मग बसले. येताना घेतलेली गवार पिशवीतून काढली आणि मांडीवर पदर पसरून तिथंच निवडायला घेतली.

अर्धी गवार झाली, तेव्हा त्यांनी तेजलला बोलावून घेतलं.

“घेते तुझं नाव. पण भाषण पाच मिनिटांत संपवायचं हं.”

तेजलनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“स... स... सात लागतील,” ती म्हणाली.