निवलेले वाचक

“कहाणी अर्धी टाकून उठू नये,” असं सासूबाई सांगायच्या. शुभदाताई व्रतांच्या कहाण्यांचं संकेतस्थळ त्याच नेमाने चालवत. पण आता जाहिरातींचे पैसे वाचकसंख्येवर मिळत नसत. मनगटावरचा पट्टा वाचकाची धडधड जेवढी वाढलेली दाखवेल, तेवढेच मिळत. कहाणी वाचून माणसं निवत, म्हणून त्यांची कमाई पार आटली होती.

“आई, आजच्या कहाणीतल्या राणीला वनवासातच सोडा. लोक तळमळतील, साइट जगेल,” सून म्हणाली.

“अगं, इस्पितळात पडलेल्या अनसूयाबाई रोज साइटवरून कहाणी ऐकतात. त्यांना तळमळायला लावू?”

संध्याकाळी पैशांअभावी साइट बंद पडली. आजची कहाणी ऐकवीन, असा अनसूयाबाईंना शब्द दिलेला होता. शुभदाताईंनी पुडीत अक्षता बांधल्या, चपला घातल्या आणि त्या इस्पितळाच्या वाटेला लागल्या.