पूल बंद करण्याचा आदेश

कार्यकारी अभियंता वाघमोडे यांनी पुन्हा सही केली, पण सहीची जागा कोरीच राहिली.

"झटकून बघा, साहेब," उपअभियंता शबाना तांबोळी म्हणाल्या.

झटकून उपयोग नव्हता. सही करणाऱ्यानं मनापासून जबाबदारी घेतल्याशिवाय या नव्या सरकारी पेनातून शाई उतरतच नसे. आदेश एका ओळीचा होता : तडे गेल्यामुळे नदीवरचा पूल तात्काळ बंद करण्यात यावा. पण तडे किरकोळ निघाले तर? अख्खा तालुका अडवला म्हणून चौकशी कुणाच्या मागे लागेल?

"फाइल वर पाठवू," म्हणत त्यांनी घरी फोन लावला. "मृण्मयीला आज शाळेच्या बसनं पाठवू नकोस. तू लांबच्या रस्त्यानं नेऊन सोड."

"साहेब, त्या बसमध्ये बाकीची मुलं असतात."

वाघमोड्यांनी पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "तातडीच्या वेळी सहीचा अधिकार तुम्हालाही आहे."

तांबोळीबाईंची बढती तोंडावर आली होती. त्यांनी पेन घेतलं, दाबून धरलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.

खिडकीबाहेर शाळेची बस पुलाकडे वळत होती. सहीच्या जागी काहीच उमटलं नव्हतं.