वर्दीतला फोटू

शालन गेली. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा, तर तिचा एकटीचा असा फोटूच घरात घावंना. रिटायर सुभेदार गुंडानं बायकूची पेटी उपसली. तळाला निघालं ते समदं त्याचंच वर्दीतलं फोटू, दर सुट्टीचा एक. ड्युटीवर जायच्या आदल्या दिवशी शालन त्याला वढत कराडच्या स्टुडिओत न्यायची.

"लय जीव हुता गं तिचा माझ्यावर." गुंडा फोटू मांडीवर पसरत म्हणाला.

"जीव हुताच, दाजी," शालनची मैत्रीण मनुबाई डोळं पुशीत म्हणाली. "पर भ्याव त्याच्याहून जास्त हुतं."

"कशाचं भ्याव?"



"म्हणायची, मने, ह्या बारीला हे तिरंग्यात गुंडाळून आलं, तर चौकात लावायला ताजा फोटू नगं का?"