वहिनीच्या बाजूची फुलं

"बघ, येऊन गेली," वहिनी म्हणाली आणि रोपांची टोपली तिने खाली आपटली.

दफनभूमीचं फाटक नुकतंच उघडलं होतं. जोडून आलेल्या सुट्टीचा पहिला दिवस. घरची मंडळी दरवर्षी दुसऱ्या दिवशी यायची. या वर्षी मात्र वहिनीने आधीच छापा घालायचं ठरवलं होतं. धाकट्या नणंदेला तिने उजाडायच्या आत उठवलं, डब्यात सँडविच भरली आणि गळ्यात दुर्बीण अडकवली. स्वतःच्या लग्नातही वहिनी इतकी उतावीळ नव्हती, असं नणंदेचं मत होतं.

आणि तरीही फुलं होतीच. पिवळीधमक, टपोरी, नेमकी वहिनीच्या जागेवर.

खरं दुखणं त्या जागेचंच होतं. आईवडिलांच्या कबरींशेजारी दादाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, दोघांपुरती जागा घेऊन ठेवली होती. एका बाजूला तो स्वतः गेला. दुसरी बाजू बायकोसाठी रिकामी होती आणि त्याच बाजूला दर वसंतात कुणीतरी फुलं लावून जात होतं. वहिनी ती खुडून फेकायची आणि दादाच्या बाजूला नर्सरीतली रोपं लावायची. रोपं महिन्याभरात माना टाकायची. फुलं पुढच्या वर्षी पुन्हा हजर, आधीपेक्षा जास्त. बाईची हिंमत वाढत चालली होती.

बाईच, याबद्दल वहिनीला शंका नव्हती. दादाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तो गेला ऐन थंडीत, चहाचा कप हातात असताना. तोवर ठणठणीत होता, असं सगळेच म्हणाले. पण त्याच्या थोडं आधी तो रविवारीही "काम साचलंय" म्हणून बाहेर पडायचा आणि परत आला की आधी बूट धुवायचा. घड्याळांच्या दुकानात चिखल कुठून येतो, हा प्रश्न वहिनीने नणंदेला इतक्यांदा विचारला होता, की नणंद आता नुसती मान हलवायची.

"जागा हवी ना तिला? खुशाल घे म्हणावं," वहिनी फुलं खुडता खुडता म्हणाली. "मला कुठेही ठेवा, इथे नको."

ती हे हसत म्हणाली, पण नणंदेकडे न बघता. नणंदेला फार वाईट वाटलं.

"वहिनी, दादा तसा नव्हता गं."

"नव्हता तर बरंच. पण मला कळू दे तरी."

खरं तर ही तिसऱ्या मजल्यावर राहणारी माणसं. बाग म्हणजे बाल्कनीतल्या कुंड्या. वहिनीच्या हातून निवडुंगसुद्धा वाळला होता. "तुझ्या हातून जगलो तो मीच एक," असं दादा चिडवायचा.

तेवढ्यात नणंदेने वहिनीचा दंड धरला. मागच्या ओळीत एक दणकट बाई येत होती. अंगात बसड्रायव्हरचा निळा कोट, एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात कुंडी. कुंडीत तीच पिवळी फुलं.

वहिनी दुर्बीण सावरत अक्षरशः धावली.

"ही फुलं तुम्ही लावता?"

"हो, आईच्या कबरीवर," बाई गोंधळून म्हणाली. "का?"

"आणि तिथे?"

बाईने वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "अरे वा, चांगलीच पसरली की. माझीच ही. घड्याळवाल्यांना मी दिली होती."

वहिनीने कमरेवर हात ठेवले. नणंद दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"कधी दिली?"

"झाली की बरीच वर्षं. थंडीच्या आधी. मी एरवी तेव्हाच येते, यंदा रजा आत्ता मिळाली. ह्यांचे कंद तेव्हाच लावतात. एकदा लावले की बघावं लागत नाही, दर वसंतात आपोआप उगवतात. खुडली तरी वाढतात. त्यांना तसलंच हवं होतं. म्हणाले, आमच्या हिच्या हातून काही जगत नाही, तिला काही करावं लागू नये असं द्या."

वहिनीच्या मुठीत अजून खुडलेले देठ होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"रविवारी यायचा का दादा?" नणंदेने हळूच विचारलं.

"दोन-तीन रविवार आले. खणताना दम लागायचा त्यांना, सारखे बसायचे. चिखलाने बूट भरायचे."

वहिनी एकदम हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. तिने नणंदेला मिठी मारली, मग त्या अनोळखी बाईलाही, कुंडीसकट. एवढ्या वर्षांचं ओझं एका सकाळी उतरलं होतं. आता तिला तिथेच जायचं होतं, त्याच्याच शेजारी.

"पण बाई, वेडाच माणूस," ती डोळे पुसत म्हणाली. "सगळी माझ्याच बाजूला लावली. स्वतःच्या बाजूला चार लावायला काय झालं होतं?"

"मीही तेच म्हटलं त्यांना," बाई म्हणाली. "तर म्हणाले, नको, ती बाजू या थंडीत खणावी लागणार आहे."