वरच्याची सेटिंग

"मॅडम, तुमच्या आई आल्यात, पण साहेबांनी ॲपवर नकार दिलाय," सोसायटीच्या गेटवरून वॉचमनचा फोन आला.

"मी सांगते ना, सोडा त्यांना आत." ऑफिसात बसलेल्या मृण्मयीचा आवाज चढला. भांडून बंगळुरूला निघून गेलेल्या नवऱ्याने तिथे बसून इथलं दार लावलं होतं.

"ॲपमध्ये तुमचं चालत नाही, मॅडम."

का चालत नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या कंपनीत असताना ते ॲप तिनेच बांधलं होतं. डेटाबेसमध्ये इमारतीखाली घर, घरात कुटुंबप्रमुख, त्याच्याखाली बाकीची माणसं. ज्याच्या नोंदीत स्वतःची सेटिंग नाही, त्याला वरच्याची लागू. "बायकोला वेगळी हवी असली तर?" सहकाऱ्याने विचारलं होतं. "तिला कशाला लागतेय वेगळी?" म्हणत ती हसली होती. तेव्हा लग्न नवं होतं.

आता तिने घाईघाईने आपल्या नोंदीत, पाहुण्यांच्या परवानगीसाठी, स्वतःचा नंबर टाकला. पडद्यावर तिनेच कधीकाळी लिहिलेलं वाक्य उमटलं: 'बदलाची विनंती कुटुंबप्रमुखांकडे पाठवली आहे.'

फोनमध्ये आईचा आवाज आला. "राहू दे. डबा वॉचमनपाशी ठेवते. तुला तरी आत सोडतात ना गं?"