रविवारचं ताट

लंडनमध्ये राहून सहा कादंबऱ्या लिहिलेली फुआतिनो वीस वर्षांनी सामोआतल्या आपल्या गावी आली, ती थेट आईच्या मातीलाच. घरासमोरच्या ओल्या कबरीपाशी पाद्रीबुवांच्या पत्नी रुटाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"आलीस एकदाची! तुझ्या आईला इंग्रजी कुठलं यायला? तुझं एकूणएक पुस्तक मीच तिला आपल्या भाषेत करून वाचून दाखवलं. चटई विणता विणता दटावायची मला, 'एक ओळ गाळलीस तर बघ हं!'"

फुआतिनो चपापली. "शेवटसुद्धा वाचलात?"

"न वाचून सांगते कुणाला! पुस्तक संपलं की पुढच्या रविवारी ती तुझं ताट वाढून ठेवायची. भट्टीत नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, तुला आवडतात तशी. कुणाला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, 'दर पुस्तकात शेवटी मुलगी घरी येते की नाही? मग माझीही येईल.'"

रुटाबाईंनी कबरीवरची नजर काही काढली नाही.



सहापैकी एकाही कादंबरीत फुआतिनोने त्या मुलीला घरी आणलं नव्हतं.